ताडोबाला निघताना बॅग हलकी भरा

नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वसाहतींत वर्षाच्या सहलीची यादी ठरलेली असते: शेगाव, अष्टविनायक, कोकण, जमलं तर तिरुपती. आता तिच्यात ताडोबाचंही नाव येऊ लागलं आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शिर्डी-भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून पहाटे आयटीआय सिग्नलवरून निघालेली टेम्पो ट्रॅव्हलर संध्याकाळपर्यंत जंगलाच्या वेशीवरच्या गावात पोहोचू शकते. रेल्वेनं जायचं तर नाशिकरोडहून नागपूरकडे विदर्भ आणि सेवाग्राम एक्स्प्रेस आहेतच. चार-पाच कुटुंबं एकत्र येतात, रजा जुळवतात, बोनसमधले पैसे बाजूला ठेवतात आणि टूरवाल्याकडे बुकिंग करतात.

ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. मशीनच्या आवाजात आयुष्य काढणाऱ्या माणसानं तिथली शांतता अनुभवावी, त्याच्या मुलांनी वाघ पिंजऱ्याबाहेर, त्याच्या स्वतःच्या मुलखात बघावा, यासारखं दुसरं शिक्षण नाही. पण एवढ्या कष्टानं जमवलेली सहल पुष्कळदा सामानापायी बिघडते. कुणी पहाटेच्या थंडीत कुडकुडत बसतं, कुणाचं ओळखपत्र घरी राहतं, कुणाच्या मांडीवर एवढी मोठी पर्स असते की सगळं लक्ष ती सांभाळण्यातच जातं. म्हणून सहलीला निघणाऱ्या प्रत्येक घराला माझं एकच सांगणं आहे. सफारीची बॅग घरातल्या काळजीच्या हिशेबानं भरू नका, जिप्सीतल्या जागेच्या हिशेबानं भरा.

जिप्सीत जागा किती असते?

ताडोबाची सफारी उघड्या जिप्सीतून होते. तिच्यात पर्यटक सहा, शिवाय चालक आणि गाईड. गाईड घेणं सक्तीचं आहे. मागच्या दोन रांगांत तीन-तीन माणसं बसली की मधे गुडघ्यांपुरतीच जागा उरते. डिकी नाही, वर टप नाही, ऊन-वारा-धूळ थेट अंगावर. सफारी साधारण चार तास चालते आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही. म्हणजे चार तासांत जे लागेल ते तुमच्या अंगावर किंवा मांडीवर असलं पाहिजे. बाकी सगळं सामान मुक्कामाच्या खोलीत राहणार आहे.

टूरवाल्याच्या गाडीचंही तसंच. सतरा सीटच्या ट्रॅव्हलरला मागे डिकी असते, पण सतरा माणसांच्या मोठ्या ट्रॉली बॅगा तिच्यात मावत नाहीत. मग त्या सीटच्या मधल्या वाटेत येतात आणि आजोबांना प्रत्येक थांब्यावर त्या ओलांडून उतरावं लागतं. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं हे खरं, पण नेता येणं वेगळं आणि नाशिकरोडच्या जिन्यावरून स्वतः उचलणं वेगळं. चाकांच्या बॅगेचा उपयोग गुळगुळीत फरशीवर. जंगलालगतच्या मुक्कामांना बहुतेक ठिकाणी मुरमाचा नाहीतर खडीचा रस्ता असतो, तिथे ती बॅग हातातच घ्यावी लागते.

म्हणून माणशी दोनच गोष्टी ठेवा. एक मऊ कापडी बॅग, जी सीटखाली दाबून बसवता येते आणि ज्याची त्यानं स्वतः दोन मजले चढून नेता येते. दुसरी एक छोटी सॅक किंवा झोळी, जी सफारीत मांडीवर राहील. तीन रात्रींच्या सहलीला मोठ्या बॅगेचं वजन सात-आठ किलोंच्या वर जायचं कारण नाही. रद्दीवाल्याकडचा हातकाटा मागून आणा, बॅग टांगून बघा. घरात सगळ्यांची मिळून एकच अवजड बॅग करू नका. ती उचलायचं काम शेवटी एकाच माणसाच्या पाठीवर पडतं.

कपडे ऋतू बघून, पैसे न घालवता

सफारीसाठी नवे कपडे विकत घ्यायची गरज नाही. मातकट, खाकी, फिकट हिरवा, करडा, तपकिरी असे रंग घरात असतातच. लालभडक, पिवळेधमक आणि पांढरेशुभ्र कपडे टाळा. चितळ-सांबरांना लाल-केशरी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, पण पांढरा आणि निळा रंग त्यांच्या नजरेत भरतो, आणि पक्ष्यांना तर रंग उत्तम दिसतात. तरीही रंगापेक्षा हालचाल आणि आवाज यांनी जनावरं जास्त बिचकतात. तेव्हा कुरकुर वाजणारं विंडचीटर, किणकिणणाऱ्या बांगड्या आणि पैंजण खोलीवर ठेवा. अत्तर आणि डिओसुद्धा नको. जंगलात आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासानं माश्या खवळू शकतात. लष्करी छपाईचे कपडेही घेऊ नका, त्यांचा इथे काहीच उपयोग नाही.

हिवाळ्यात जात असाल तर थंडीला हलक्यात घेऊ नका. निफाडचा पारा उतरतो तेव्हा आपल्याकडे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. तशाच थंडीत उजाडायच्या वेळी उघड्या गाडीतून वारा खात जायचं आहे. एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा थरावर थर चढवा: आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, मफलर आणि हातमोजे विसरू नका. नऊच्या सुमाराला ऊन चढलं की एकेक थर काढून सॅकमध्ये ठेवता येतो. मोठा कोट ठेवायला मात्र जागा नसते.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये वाढते, कारण पाणवठे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. पण चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा म्हणजे ४५ अंशांच्या पुढची दुपार. नाशिकच्या उन्हाची सवय तिथे पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, दोरी असलेली टोपी, गॉगल आणि एक मोठा सुती पंचा एवढं हवंच. पंचा भिजवून मानेला गुंडाळता येतो, धूळ उडाली की नाकातोंडावर घेता येतो, कॅमेऱ्यावर पांघरता येतो. सफारीच्या सगळ्या सामानात याच्याइतकी कामाची वस्तू नाही.

तीन रात्रींना दोन पँट, तीन शर्ट किंवा कुर्ते आणि रात्रीचे कपडे पुरे होतात. सकाळी घातलेला शर्ट दुपारच्या सफारीलाही चालतो, कारण पहिल्या दहा मिनिटांत सगळेच धुळीनं माखलेले असतात. रोज नवा ड्रेस हा लग्नातला हिशेब झाला. जिप्सीत चढताना पाय उंच टाकावा लागतो, म्हणून बायकांना सलवार-कुर्ता किंवा पँट सोयीची. साडीच नेसणार असाल तर सुती नेसा, पदर खोचून घ्या आणि चढताना हात मागायला संकोचू नका. पायात रोजचे स्पोर्ट्स शूज पुरेत. कंपनीचे सेफ्टी शूज जड पडतात, आणि उंच टाचांना तर इथे जागाच नाही.

फोन, कागद आणि घड्याळ

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाईल नेता येत नाही. वाघ दिसल्याचे निरोप फोनवरून फिरले की गाड्यांची एकाच जागी झुंबड उडते. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला काय झालं ते अनेकांनी पाहिलं असेल. एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी जिप्सींमध्ये कोंडली गेली, आणि त्या प्रकाराची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईल नको असे निर्देश दिले. हा नियम जाचक वाटून घेऊ नका. वाघिणीला पिल्लं घेऊन रस्ता ओलांडता यावा, एवढंच त्यामागे मागणं आहे.

पण या नियमाचा बॅगेशी थेट संबंध आहे. तुमचं परमिट, आधार कार्ड, औषधांची यादी, पैसे आणि घड्याळ हे सगळं आज फोनमध्ये असतं, आणि नेमका तोच जवळ नसणार. म्हणून परमिटची छापील प्रत काढा. बुकिंगच्या वेळी ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ ठेवा, मुलांचंसुद्धा. मनगटी घड्याळ बांधा. गटातल्या सगळ्यांचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. रोख पैसेही हवेत. जंगलाकाठच्या गावांत नेटवर्क जातं आणि मग क्यूआर कोड नुसता भिंतीवर राहतो. गाईड आणि चालक बहुधा आजूबाजूच्या गावांतलेच असतात. मोहर्लीसारख्या ठिकाणी गावातल्या बायकाही गाईडचं काम करतात. त्यांना बक्षिसी द्यायची तर सुटे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा.

बुकिंग करताना टूरवाल्याला चार गोष्टी लेखी विचारा. सफारी किती? त्यातल्या गाभा क्षेत्रात किती आणि बफरमध्ये किती? गेट कोणतं: मोहर्ली, कोलारा, नवेगाव की दुसरं? आणि माणशी सामान किती? गेटांमधली अंतरं मोठी आहेत, मुक्काम एका टोकाला आणि गेट दुसऱ्या टोकाला असेल तर झोपेचे दोन तास जातात. मंगळवारी ताडोबा बंद असतं आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं, हेही तारखा ठरवताना लक्षात घ्या.

डबा घ्या, पाकिटं नकोत

आपल्याकडे प्रवास म्हटला की दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू निघतात. ते जरूर न्या. वाटेतल्या महागड्या खाण्यापेक्षा ते शंभर पटींनी चांगलं. पण ते बसमध्ये आणि मुक्कामावर खा. जिप्सीत खाणं उघडू नका. माणसाच्या हातचं खाऊन माकडं आणि वानरं धीट होतात, मग पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातून हिसकावतात. आणि कुरकुऱ्याचं एक रिकामं पाकीट वाऱ्यानं उडालं तर ते आणायला तुम्हाला खाली उतरता येत नाही. ते तिथेच राहतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या निमढेला भागातला एक व्हिडिओ देशभर फिरला. पाणवठ्यात पडलेली प्लॅस्टिकची बाटली एक वाघ तोंडात धरून निघाला होता. ती बाटली माणसाचीच होती. आपण प्रत्येकानं घरून धातूची बाटली नेली तर तशी बाटली आपल्या हातून तरी जंगलात जाणार नाही. माणशी एक लिटर पाणी बरोबर असू द्या, मे महिन्यात त्याहून जास्त. कपडे गुंडाळायला दुकानाच्या प्लॅस्टिक पिशव्या वापरू नका, जुन्या उशांचे अभ्रे वापरा. एकात धुतलेले, एकात मळलेले, तिसऱ्यात चपला. जिप्सीच्या सॅकमध्ये एक रिकामी कापडी पिशवी ठेवा, गोळीचं पाकीट असो की टिश्यू, सगळं तिच्यात परत आणा.

औषधं आणि म्हातारी माणसं

रोजची बीपीची, शुगरची औषधं सहलीच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची जास्त घ्या, मूळ पाकिटासह घ्या आणि मोठ्या बॅगेत टाकू नका. ती छोट्या सॅकमध्येच हवीत. इन्सुलिन असेल तर थंड राहणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा, मे महिन्यात उभ्या गाडीत विसरू नका. दम्याच्या माणसाचा पंप त्याच्या खिशात असावा, कारण धूळ टाळता येत नाही. ओआरएसची पाकिटं, गाडी लागण्याची गोळी, जखमेची पट्टी, डास पळवणारं मलम एवढं गटात एकाकडे असलं तरी पुरतं. प्रत्येक घरानं वेगळी औषधपेटी न्यायची गरज नाही.

पाठीचं, मणक्याचं दुखणं असलेल्यांनी आणि वयस्करांनी पुढची रांग मागून घ्यावी. मागची रांग चाकांवर येते आणि कच्च्या रस्त्यावर तिथे सर्वांत जास्त आदळतं. गरोदर बाईनं ही सफारी पुढच्या वर्षावर टाकावी हे उत्तम. स्वच्छतागृहाची सोय गेटवर आणि आत मोजक्याच ठिकाणी असते. निघण्याआधी जाऊन या, पण त्या धास्तीनं पाणी पिणं मात्र बंद करू नका. उन्हाळ्यात त्यानं चक्कर येते. मुलींनी आणि बायकांनी पाळीच्या दिवसांचं सामान जवळ ठेवावं आणि वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणावं.

दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर

फोन नाही म्हटल्यावर मोठा कॅमेरा विकत घ्यायचा मोह होतो. तो आवरा. ज्याच्याकडे कॅमेरा आधीच आहे त्यानं ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स न्यावी, जास्तीची बॅटरी आणि कार्ड घ्यावं. ट्रायपॉड जिप्सीत उभा राहत नाही. त्याऐवजी जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून न्या, तिथे पोहोचल्यावर तिच्यात दोन किलो तांदूळ भरा आणि गाडीच्या दांडीवर ठेवून कॅमेरा टेकवा. परत निघताना ते तांदूळ कुणाच्या तरी चुलीवर कामी येतात.

कॅमेरा नसेल तर काही बिघडत नाही. दुर्बीण मात्र हवी. ८ x ४२ अशी खूण असलेली दुर्बीण म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. हलत्या गाडीत याहून जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते. वाघ दिसेल किंवा दिसणार नाही, पण तुरेवाला सर्पगरुड, नीलपंख, रानकुत्र्यांचा कळप, अस्वल, गवा यांतलं काही ना काही भेटतंच. दुर्बिणीतून ते नीट बघितलेलं मूल वाघ दिसला नाही म्हणून रडत परत येत नाही.

केनियाला निघालेल्यांसाठी

काही घरांतली मुलं आता आई-वडिलांना मसाई मारालाही पाठवतात. ताडोबाचं गाभा क्षेत्र बंद असतं त्याच जुलै-सप्टेंबरच्या दिवसांत तिथे विल्डबीस्टचे लाखोंचे कळप येतात. बॅगेचं तत्त्व तेच, शिस्त जास्त कडक. नैरोबीहून छोट्या विमानानं जायचं असेल तर सहसा हातातल्या सामानासकट माणशी १५ किलोच चालतं, आणि तेही मऊ बॅगेत. केनियानं २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, तेव्हा चपला-साड्या गुंडाळलेल्या पिशव्या घरीच काढून ठेवा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्या आणि तिचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, काढावी लागते. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून स्वेटर वगळू नका. मसाई मारा उंचावर आहे आणि जुलैच्या सकाळी तिथे गारठा असतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

आधी नांदूरमध्यमेश्वर, मग ताडोबा

शेवटी दोन विनंत्या. पहिली: निघण्याआधी एका रविवारी सगळ्या गटानं नांदूरमध्यमेश्वरला जाऊन या. निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आणि ते आपल्या दाराशी आहे. सफारीचे कपडे, सफारीची सॅक, तीच पाण्याची बाटली घेऊन सकाळचे चार तास तिथे काढा. फोन गाडीत ठेवा. कोणती वस्तू वापरली आणि कोणती नुसती वाहिली, हे दुपारपर्यंत प्रत्येकाला कळेल. नुसती वाहिलेली वस्तू ताडोबाच्या बॅगेतून काढून टाका. मुलांनाही शांत बसायची, बोट दाखवून हळू बोलायची सवय होईल.

दुसरी: प्रत्येक घरानं सगळं विकत घेऊ नका. दुर्बीण, कानटोप्या, मऊ बॅगा, तांदळाची पिशवी, हातकाटा, या वस्तू वर्षातून चार दिवस लागतात. आपल्या सोसायटीत किंवा कंपनीतल्या मित्रमंडळात त्यांचा एक संच करा, वर्गणी काढून एक चांगली दुर्बीण घ्या आणि जाणाऱ्या कुटुंबाला आळीपाळीनं द्या. जो जाऊन येईल त्यानं धुऊन, पुसून, काय कमी पडलं आणि काय उगाच नेलं याची चिठ्ठी आत ठेवून पुढच्या घराला सोपवावं. वाचलेल्या पैशांत आणखी एक सफारी होईल, नाहीतर एरवी पैशांअभावी मागे राहिलं असतं असं एखादं कुटुंब बरोबर येऊ शकेल. या उन्हाळ्याच्या सहलीसाठी हा संच आत्ताच, बुकिंगच्या आधी, तयार करायला घ्या.